छातीत आवाज नाही, मग इको कशाला?

वाचक २६ वर्षांच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, माहेरी बाळंतपणाला आल्या आहेत. पहिलीच मुलगी, आज २४ दिवसांची. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना शंका आली, रक्त तपासणीला पाठवलं आणि डाऊन सिंड्रोमचं निदान झालं. डॉक्टरांनी टू-डी इको (म्हणजे हृदयाची सोनोग्राफी), थायरॉईड, रक्त, कान, डोळे अशी यादी लिहून दिली आहे. मुलगी दूध पिते, रडते, रंगाला गुलाबी आहे, आणि दोन डॉक्टरांनी छाती तपासून ‘आवाज नाही’, म्हणजे ठोक्यांखेरीज हृदयात जादा आवाज नाही, असं सांगितलं आहे. त्यामुळे घरच्यांना इको म्हणजे पैसे काढायचं निमित्त वाटतं. गरोदरपणातल्या सोनोग्राफी तर सगळ्या नॉर्मल होत्या. दीर म्हणतात, काही निघालं तरी अशा मुलीचं ऑपरेशन कोण करणार? या मैत्रिणीने मोबाइलवर वाचून, डाऊनच्या शंभर मुलांत किती जणांना कुठला त्रास होतो याचे आकडे कागदावर उतरवले आहेत: हृदय ५०, कान ७५, डोळे ६०, झोपेतला श्वास ५०. ‘सगळं मिळून हिच्यात धड काय राहिलं?’ असं त्या विचारतात. बारसं लांबणीवर टाकलं आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी भाजी चिरली होती. सासूबाई रोज तेच काढतात. खरं असेल का हो?’

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. ती मनातून गेल्याशिवाय बाकीचं काही डोक्यात शिरायचं नाही.

नाही. ग्रहणाचा, विळीचा, भाजीचा याच्याशी काहीही संबंध नाही. तुमच्या मुलीच्या पेशींत २१ नंबरच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आहेत. ही जादा प्रत बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना येते, कधी पुरुषबीजातून येते. म्हणजे गर्भ राहिला त्या दिवशीच ती तिथे होती. आणि स्त्रीबीजाची गोष्ट तर फारच जुनी असते. तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होतात तेव्हाच तुमची बीजं तयार व्हायला लागली, अर्धवट विभागून थांबली आणि पंचवीस वर्षं तशीच थांबून राहिली. पुढे विभागणी पुरी होताना एका बीजात दोन गुणसूत्रं एकमेकांपासून सुटलीच नाहीत. याला कुणी काही केलेलं नसतं. बाळाचं हृदयही गर्भाच्या पहिल्या आठ-दहा आठवड्यांत घडून जातं. सातव्या महिन्यात तुम्ही भाजी चिरली तेव्हा घडायचं ते सगळं केव्हाच घडून गेलं होतं. सासूबाईंना हे असंच सांगा, हवं तर पत्रातला हा भाग वाचून दाखवा. त्या वाईट आहेत असं मला वाटत नाही. त्यांना कारण हवंय, आणि त्यांच्या हाताशी आहे ते कारण त्या वापरतात.

वय कमी असताना असं कसं, हेही तुम्ही विचारलंय. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं: पंचविशीत साधारण १२००-१३०० बाळंतपणांत एक, पस्तिशीत ३५० च्या आसपास एक, चाळिशीत १०० मध्ये एक. पण मुलं विशीतल्या बायकांनाच जास्त होतात, त्यामुळे डाऊनची निम्म्याहून जास्त बाळं तरुण आयांच्याच कुशीत असतात. तुम्ही अपवाद नाही.

आता तुमचा तो आकड्यांचा कागद. तुम्ही ५०, ७५, ६०, ५० एकाखाली एक लिहिलेत आणि मनात बेरीज केलीत. ही बेरीज होत नाही. ते वेगवेगळ्या गोष्टींचे वेगवेगळे हिशेब आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या यादीत दोन जातीच्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. काही दोष जन्मतःच शरीराच्या रचनेत असतात, म्हणजे हृदयातलं छिद्र किंवा आतड्यातला अडथळा. बाकीच्या गोष्टी पुढे महिन्यांत-वर्षांत उद्भवू शकतात. कानाचे ७५ म्हणजे ७५ बहिरी मुलं नव्हेत. त्यातला मोठा भाग कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येण्याचा असतो, आणि वेळेवर लक्ष दिलं तर त्यावर इलाज आहे. डोळ्यांच्या ६० मध्ये बहुतेकांना चष्मा लागतो, काहींची नजर तिरळी असते. जन्मजात मोतीबिंदू शंभरात एखाद-दुसऱ्यालाच. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हा प्रश्न बहुधा पुढे येतो, म्हणून तीन-चार वर्षांच्या दरम्यान झोपेची तपासणी करायला सांगतात. तुमची मुलगी २४ दिवसांची आहे. चष्म्याची काळजी आज नको.

रचनेतले दोष तेवढे वेगळे काढले तर चित्र बरंच स्पष्ट दिसतं. अमेरिकेत अटलांटा भागात १९८९ ते १९९५ या काळातल्या डाऊनच्या २२७ बाळांची पाहणी झाली, त्यात ४४ टक्के बाळांच्या हृदयात जन्मजात दोष सापडला. इतर पाहण्याही ४० ते ५० टक्क्यांच्या मध्येच येतात. एरवी जन्मणाऱ्या बाळांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असतं, तेव्हा फरक प्रचंड आहे, तो मी लपवणार नाही. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचा. निम्म्याहून जास्त बाळांचं हृदय रचनेने ठीक असतं. आतड्यांचं बोलायचं तर अमेरिकेतल्याच एका मोठ्या पाहणीत शंभरात सहा-सात बाळांना दोष होता: जठराच्या पुढचं आतडं बंद किंवा अरुंद असणं चार जणांना, शीची जागा बंद असणं एकाला, आणि आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतू नसल्याने शी न सरकणं, ज्याला हिर्शस्प्रंग म्हणतात, ते साधारण एकाला. तुमची मुलगी दूध पचवते, रोज शी करते, पोट फुगलेलं नाही असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आतडं बंद असण्याची भीती जवळजवळ गेली. अरुंद आतडं किंवा हिर्शस्प्रंग कधीकधी उशिरा कळतं, एवढं लक्षात असू द्या. हिरवी उलटी झाली, पोट टणक फुगलं किंवा शी अडायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र काढायची नाही.

राहिलं हृदय.

तुमच्या घरच्यांचा तर्क असा: आवाज नाही, बाळ गुलाबी आहे, दूध पितं, म्हणजे हृदय चांगलं. हा तर्क साधा आहे आणि एरवीच्या बहुतेक बाळांत चालून जातो. डाऊनच्या बाळांत तो धोका देतो, आणि का देतो ते समजून घ्या, म्हणजे घरी समजावता येईल.

छिद्रातून रक्त जोरात जातं तेव्हा आवाज येतो. अरुंद तोटीतून पाणी सुटलं की आवाज होतो, तसंच. जोर कशामुळे येतो? हृदयाच्या डाव्या बाजूला दाब जास्त आणि उजव्या, फुप्फुसाकडच्या बाजूला कमी असतो, म्हणून. पण नवजात बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सुरुवातीला आवळलेल्या असतात, तिथला दाब चढा असतो आणि काही आठवड्यांत हळूहळू उतरतो. तोवर दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा असेल तर रक्त छिद्रातून जोरात जातच नाही. छिद्र जितकं मोठं, तितका आवाज कमी असूही शकतो. डाऊनच्या बाळांत नेहमी दिसणारा मोठा दोष म्हणजे ए-व्ही कॅनॉल. हृदयाच्या चार कप्प्यांच्या मधोमध भिंतच पुरी झालेली नसते आणि दोन झडपांऐवजी एकच सामाईक झडप असते. अटलांटाच्या त्या पाहणीत हृदयदोष असलेल्या बाळांपैकी ४५ टक्क्यांना हाच दोष होता, ३५ टक्क्यांना खालच्या कप्प्यांमधलं छिद्र. ए-व्ही कॅनॉलचं बाळ पहिल्या महिन्यात अगदी शांत, गुलाबी असू शकतं. छातीला स्टेथोस्कोप लावलेला डॉक्टर कितीही अनुभवी असो, त्याला काही ऐकू येईलच असं नाही. म्हणून डाऊनच्या प्रत्येक बाळाचा इको करायला सांगतात, आवाज असो वा नसो. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच लिहून दिलंय. त्यात पैसे काढणं नाही.

सोनोग्राफी नॉर्मल होती तरी? हो, तरीही. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बरेच हृदयदोष निसटतात. आणि काही दोष तर पोटातल्या बाळात दिसूच शकत नाहीत. वरच्या दोन कप्प्यांमधली एक वाट आणि फुप्फुसाच्या धमनीजवळची एक नळी पोटातल्या प्रत्येक बाळात उघडीच असते. जन्मानंतर ती बंद व्हायला हवी. झाली की नाही, हे जन्मल्यावरच कळणार.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. एक बाळ मला अजून विसरता येत नाही, म्हणून सांगते. साडेचौदा महिन्यांची मुलगी, डाऊनची. खोकल्यासाठी आणली होती. आईच्या मांडीवर बसून माझ्या टेबलावरच्या पेनाकडे हात करत होती. ‘हिला कधी काही झालंच नाही, दमसुद्धा लागला नाही’ असं वडील कौतुकाने सांगत होते. घसा बघायला मी चमचा लावला तशी ती रडली, आणि रडताना तिचे ओठ जांभळे झाले. चमचा खाली ठेवला, ती शांत झाली, रंग परत आला. तिचा इको कधी झालाच नव्हता. ए-व्ही कॅनॉल निघालं. पण वर्षभर जास्तीच्या दाबाने रक्त जाऊन फुप्फुसातल्या वाहिन्या कायमच्या जाड झाल्या होत्या. मोठ्या शहरात दोन ठिकाणी दाखवलं, दोन्ही सर्जनांनी सांगितलं की आता छिद्र बुजवलं तर उलट जीव जाईल. तिला दम लागला नाही तो याचसाठी, की फुप्फुसातला दाब कधी उतरलाच नाही. डाऊनच्या मुलांत हे इतरांपेक्षा लवकर होतं, कधी वर्षाच्या आतसुद्धा. ते बाळ गुटगुटीत होतं, आणि त्या गुटगुटीतपणानेच सगळ्यांना फसवलं. वडील मला एवढंच म्हणाले, ‘कुणी सांगितलं असतं तर केला असता की.’

तुम्हाला सांगितलंय, ताई.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. दम लागला, बाळ निळं पडलं तर बघू, ही पहिली. ती सोडा, का, ते वर आलंच. दीड महिन्याच्या लसीला जाऊ तेव्हा बघू, ही दुसरी. बाळ ठीक आहे, त्यामुळे आज रात्री गाडी काढून धावायची गरज नाही हे मला मान्य आहे. पण दीड महिन्याचं दोन महिने होतात, मग लग्नसराई, मग पाऊस. म्हणून मी तिसरी सांगेन: येत्या आठवड्यात. आणि इको लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून करून घ्या, त्यासाठी कोल्हापूर-पुण्याला जावं लागलं तरी. मोठ्यांचे इको करणाऱ्या सेंटरवर नवजात बाळाचं बारीक हृदय नीट बघितलं जाईलच असं नसतं. दोनदा अर्धवट करण्यापेक्षा एकदाच नीट झालेला बरा. सुई नाही, किरण नाहीत. छातीवर जेली लावून यंत्र फिरवतात, अर्धा-पाऊण तास लागतो. वाटेत नेहमीसारखं पाजत राहा, फक्त एक पाजणं तिथे पोचून नंबर जवळ आला की होईल असं बघा. पोट भरलेलं बाळ झोपतं आणि काम सोपं होतं. डॉक्टर औषध देऊन झोपवायचं म्हणाले, तर मात्र किती वेळ उपाशी ठेवायचं ते त्यांनाच विचारा.

निघू काय शकतं? सगळं ठीक निघालं, तर तुमच्या कागदावरचे ते ५० तिथेच संपले. टक्केवारी शंभर बाळांची असते. तुमच्या एका मुलीच्या छातीत पन्नास टक्के छिद्र नसतं. असतं किंवा नसतं, आणि ते अर्ध्या तासात कळतं. लहानसं छिद्र किंवा ती नळी उघडी निघाली, तर ‘तीन महिन्यांनी परत दाखवा’ म्हणतील, आणि बरीच छिद्रं आपोआप बुजतात. मोठं काही निघालं, तर औषधं सुरू होतील आणि साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन ठरेल. तोवर तुमचं काम वजन वाढवणं आणि डोळे उघडे ठेवणं. पिताना दर दोन घोटांना थांबून धापते का, पिताना कपाळावर घाम येऊन टोपडं ओलं होतं का, शांत झोपलेली असताना मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास होतात का, हे बघा. श्वास मोजताना पोटावर नजर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा, अर्धा मोजून दुप्पट करू नका. माझ्याकडे येणारी एक आई भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने दर सोमवारचं वजन लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारीच. सर्जनांनी तो कॅलेंडरचा कागद मागून घेतला होता, रिपोर्टपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

आता दिरांच्या वाक्याकडे येते: ‘अशा मुलीचं ऑपरेशन कोण करणार?’ त्यांनी ते दुष्टपणाने म्हटलं नसेल, पण एके काळी डॉक्टरही असंच म्हणत आणि त्याची किंमत या मुलांनी मोजली. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये डाऊनच्या मुलाचं सरासरी आयुष्य बारा वर्षांच्या आसपास होतं. आज जिथे चांगले उपचार मिळतात तिथे ते साठीपर्यंत गेलंय. गुणसूत्र तेच आहे, ते कुणी बदललेलं नाही. न्यूमोनियावर औषधं आली, या मुलांना घरातून काढून संस्थांत टाकून देणं कमी झालं आणि त्यांची हृदयं दुरुस्त व्हायला लागली. आज आपल्याकडेही ही ऑपरेशनं नेहमीची आहेत, आणि वेळेवर केलं तर ए-व्ही कॅनॉलमध्ये डाऊनची मुलं इतर मुलांइतकीच बरी होतात. ऑपरेशन कोण करणार? लहान मुलांचे हार्ट सर्जन करणार. आपण वेळेत नेलं तर. ऑपरेशन कुठलंही असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बाळाला डाऊन आहे हे आधी सांगा. या मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, मान जपून हलवावी लागते.

पैशांचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांसाठी. डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात हृदयविकार दोन्ही त्याच्या यादीत नावानिशी आहेत. तुमच्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला ‘आरबीएसके’ म्हणा, त्यांना कळतं. जिल्हा रुग्णालयात त्याचंच डीईआयसी नावाचं केंद्र असतं, तिथे पुढच्या तपासण्या आणि फिजिओथेरपीही विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं बसतात. रेशनकार्ड आणि आधारच्या दोन-दोन झेरॉक्स पिशवीतच ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि नंतर केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंतचा, हे पुढच्या काही महिन्यांत करा. आज त्याच्यामागे धावून इको लांबवू नका.

यादीतल्या बाकीच्या तपासण्यांपैकी दोन लगेच करा, कारण एकाच रक्तात होतात. थायरॉईड आधी. डाऊनच्या साधारण शंभरातल्या एका बाळाला तो जन्मतःच कमी असतो आणि वेळेत गोळी सुरू केली नाही तर मेंदूचं नुकसान होतं. आत्ता नॉर्मल आला तरी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी परत करायचा. दुसरी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी: काही बाळांत पहिल्या आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींची गडबड होते, बहुतेक वेळा आपोआप निवळते, पण नोंद असावी लागते. कानाची तपासणी जन्मल्यावर झाली नसेल तर महिन्याभरात, डोळे सहा महिन्यांच्या आत. लसी सगळ्या, वेळेवर. एवढंच. सगळ्या तपासण्या एका आठवड्यात उरकायला जाऊ नका, तुम्हीही ओली बाळंतीण आहात ही गोष्ट घरात कुणीतरी लक्षात ठेवायला हवी.

गुणसूत्रांच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट मात्र बघून घ्या, किंवा डॉक्टरांना विचारा: जादा गुणसूत्र सुटं आहे की दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं. शंभरातल्या पंच्याण्णव बाळांत ते सुटंच असतं, आणि मग तुमच्या वयात पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास राहते. चिकटलेलं असेल तर तुम्ही आणि तुमचे यजमान, दोघांनी तपासणी करून घ्यायची. ‘दोघांनी’ असं मुद्दाम लिहिते.

आणि बारशाबद्दल. तुम्ही लिहिलंय की ‘रिपोर्ट सगळे आले की करू.’ रिपोर्ट पुढची दोन-तीन वर्षं येतच राहतील. दवाखान्याच्या कागदांवर तुमच्या मुलीचं नाव अजून ‘बेबी ऑफ’ आणि पुढे तुमचं नाव असंच पडत असणार. इकोच्या फॉर्मवर सगळ्यात वरती नावाची ओळ असते. शेजारच्या चार बायका बोलवा, पाळणा बांधा, घुगऱ्या वाटा, आणि पुण्याची गाडी पकडायच्या आधी तिला नाव द्या.